फायनान्शियल मॉडेलिंगच्या कोर्सपायी माझे ७१,५९८ रुपये गेले

आकडा आधी सांगते, कारण तो मला पाठ झालाय. ९९ अधिक ४,९९९ अधिक ५९,००० अधिक ७,५००. एकूण ७१,५९८ रुपये. पोलिसांसाठी काढलेल्या रंगीत प्रिंटचे ४६० यात धरलेले नाहीत.

आणि हो, मी अकाउंट्सचं काम करते. तेरा वर्षं. पणजीतल्या एका हॉटेलात बसून मासळीवाल्याच्या बिलातली तीस रुपयांची चूक पकडते. "तुझ्यासारखी कशी फसली?" हे सासूपासून ऑडिटरपर्यंत सगळ्यांचं ऐकून झालंय, त्यामुळे परत कोणी विचारू नका.

साखळीला आमचा खनिजाचा ट्रक होता. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं गोव्यातल्या ८८ खाणींच्या लीजवरचं काम थांबलं, ट्रक अंगणात उभा राहिला, हप्ते मात्र चालू राहिले. तेव्हापासून घर माझ्या पगारावर. टॅली येणाऱ्या बाईला हॉटेलात एका मर्यादेपुढे पगारवाढ नाही. जाहिरातीत लिहिलं होतं, एक्सेलमध्ये मॉडेल बांधायला शिका, घरून काम, दुप्पट पगार. मॉडेल म्हणजे कंपनीचा पुढचा हिशोब मांडणारी फाइल, एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलतात. हाव म्हणायची तर म्हणा. मी गरज म्हणते.

गेल्या जूनमधल्या एका रविवारी ९९ रुपयांचा मास्टरक्लास झाला. पुढची तऱ्हा तुम्हाला ठाऊक असेलच: सातच जागा, ऑफर रात्री बारापर्यंत, जागा धरायला ४,९९९. मग समुपदेशकाचा फोन. मराठीतून, गोड. "ताई, तुम्ही साखळीच्या? माझी मावशी कारापूरला असते." विरघळलेच मी. आपल्या गावाशेजारचं नाव कोणी घेतलं की गोव्यात पहिला प्रश्न असतो, कारापुरात कोणाकडे? तो प्रश्न मी गिळला.

फी ५०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९,०००. पैसे गेले एका माणसाच्या वैयक्तिक खात्यावर, "संचालकांचं खातं आहे, ताई." पावती आली, तिच्यावर जीएसटी क्रमांक होता. हा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, मी तो रोज टाइप करते. पावतीवर चौदाच होती, हे मी ऑगस्टमध्ये मोजलं. सर्टिफिकेट "सरकारमान्य" कसं, तर त्यांनी उद्यम नोंदणीचा कागद पाठवला. तो आधार आणि पॅनवर कोणीही घरबसल्या, फुकट काढतो. त्यानं धंद्याची नोंद होते, कोर्सला मान्यता मिळत नाही.

पण जीव जळतो तो तिसऱ्या वर्गासाठी.

त्या दिवशी सर स्क्रीनवर तयार मॉडेल दाखवत होते. एका पानावर गृहीतकं, पुढे नफा-तोटा, ताळेबंद, रोख प्रवाह. निळ्या रंगात हातानं भरायचे आकडे, काळ्यात सूत्रं. ही पद्धत खरीच आहे, म्हणून विश्वास बसला. सरांनी विक्रीवाढीचा दर १२ वरून १८ टक्के केला. विक्री वाढली, निव्वळ नफा वाढला, सगळे "वाव" म्हणाले. खाली ताळेबंदाच्या दोन बाजूंच्या, म्हणजे मालमत्ता आणि देणी-भांडवल यांच्या, बेरजांतला फरक दाखवणाऱ्या खान्यात हिरवा शून्य. म्हणजे जुळतो.

आणि मला दिसलं की ताळेबंदाची बेरीज हललीच नाही.

नफा वाढला की तो राखीव निधीत जातो, समोरच्या बाजूला रोख नाहीतर गिऱ्हाइकांकडून येणं वाढतं. हे बारावी कॉमर्सचं ज्ञान. बेरीज जागच्या जागी राहणं शक्यच नाही. मी चॅटमध्ये तसं विचारलं. उत्तर आलं, "ग्रेट क्वेश्चन मॅम, ॲडव्हान्स्ड मॉड्यूलमध्ये घेऊ." पुढच्या मिनिटाला चॅट बंद. आणि मी, तेरा वर्षं ताळेबंद जुळवणारी बाई, स्वतःला काय सांगितलं? की मॉडेलिंगमध्ये काहीतरी वेगळं असेल, आपल्याला कळत नसेल. इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्या माणसापुढे आपण आपलंच ज्ञान खोटं ठरवतो. त्या दिवशी उठले असते तर निदान ७,५०० वाचले असते.

नंतर फाइल उघडून त्या हिरव्या खान्यावर क्लिक केलं. सूत्र नव्हतंच. नुसता ० टाइप केलेला होता. अख्खा ताळेबंद हातानं बडवलेला. तुमच्याकडे असली फाइल आली तर कंट्रोल दाबून एस्केपखालची कळ दाबा. सगळी सूत्रं उघडी पडतात, जिथे नुसते आकडे दिसतील तिथे विचारा.

७,५०० ही "प्लेसमेंटची परत मिळणारी अनामत" होती. चवथीच्या आधी, माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या सामानाला बाजूला ठेवलेल्या पैशातून दिली. आठवड्यात व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहू शकतील असं झालं, मग ग्रुपच गेला. नोकरी देणारा पैसे देतो, घेत नाही. हे मी माझ्या भाच्याला शंभरदा सांगितलंय.

आता पोलीस. ठाण्यातला हवालदार म्हणाला, "बाये, पयशे तुवेंच धाडले न्ही?" हो, मीच धाडले. दरोडेखोरालाही लोक स्वतःच्याच हातानं देतात. साहेब म्हणाले, तीन वर्ग झाले ना, मग ही फसवणूक नाही, दिवाणी बाब. सायबरवाल्यांकडे जा. तिथे गेले तर स्क्रीनशॉट मोबाइलवर चालत नाहीत, रंगीत प्रिंट आणा. ४६ पानं, दहा रुपयांनी. ती दिल्यावर, बँकेचं स्टेटमेंट शिक्का मारून आणा. बँकेत गेले तर शिक्का मारणारी बाई रजेवर, आणि मॅनेजरचं उत्तर, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार. चौथ्या खेपेला सायबरला नवा माणूस बसलेला. त्यानं विचारलं, "नेमकं काय झालं?" मी पहिल्यापासून सुरू केलं. खातं दुसऱ्या राज्यातलं, तिकडे पत्र पाठवलंय, एवढंच अजून कळलंय. प्रत्येक खेपेला अर्धी रजा, ती या हिशोबात धरलेलीच नाही.

माझीही चूक आहे. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला तो शेवटचे पैसे गेल्यावर ४१ दिवसांनी. तो नंबर पहिल्या काही तासांसाठी आहे, पैसे खात्यात असेपर्यंत अडवता येतात. लाज वाटते म्हणून थांबू नका, लाजेपायीच माझे ४१ दिवस गेले.

ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथल्या आयोगात ती टाकता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. नोटीस मात्र परत आली. पत्ता भाड्यानं टेबलं देणाऱ्या ऑफिसचा निघाला.

शिकायचंच असेल तर न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्राध्यापक अश्वथ दामोदरन आपली मूल्यांकनाची व्याख्यानं आणि एक्सेल फाइली वेबसाइटवर फुकट ठेवतात. मी आता त्याच उघडून बसते, रात्री जेवणं आटोपल्यावर. नफा-तोटा, ताळेबंद आणि रोख प्रवाह ही तीन पानं एकमेकांना जोडायला मला नऊ रात्री लागल्या. दहाव्या रात्री दर बदलला आणि बेरीज हलली.

गेल्या रविवारी तीच जाहिरात परत दिसली, नाव नवं, आवाज तोच. ९९ भरून आत गेले. सरांनी दर १२ चा १८ केला. मी चॅटमध्ये लिहिलं, "ताळेबंदाची बेरीज का हलली नाही? शून्यावर क्लिक करून दाखवा." अर्ध्या मिनिटात मला बाहेर काढलं. तेव्हा एकूण ७१,६९७.