लहान होडीसाठी परवडणारा ट्रेलर: जुना जीपचा, बोटीचाच की नवा बांधलेला?

पुण्याजवळ खडकवासल्यासारख्या धरणाच्या पाण्यात चालवलेली लहान शिडाची होडी अधूनमधून कोकणात न्यायची असेल, तर ती कशावर न्यायची हा प्रश्न होडी निवडण्यापेक्षा किचकट ठरतो. येथे सव्वाचार मीटर लांबीची, लेझर जातीची फायबरची होडी डोळ्यांसमोर ठेवली आहे. डोलकाठी आणि शीड वगळता ही होडी सुमारे 59 किलोचीच असते. त्यामुळे खरी अडचण वजनाची नसून लांबीची आणि कागदपत्रांची आहे.

वर्षातून एकदोनदाच किनाऱ्यावर जाणार असाल, तर ट्रेलर घेऊच नये, टेम्पो भाड्याने घ्यावा. मात्र छोटा हत्तीचा हौदा सुमारे सात फुटांचा आणि होडी जवळपास चौदा फुटांची, म्हणजे निम्मी होडी बाहेर लोंबणार; आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात मर्यादेबाहेर माल काढून वाहन चालवण्यास वीस हजार रुपयांचा दंड आहे. चौदा फुटी हौद्याची मोठी गाडीच ठरवावी आणि होडीखाली जुने टायर घालावेत. मुलांची ऑप्टिमिस्ट होडी सव्वादोन मीटरच्या आसपास असल्याने तिला मात्र नाळ, म्हणजे पुढचे टोक, किंचित उचलून छोटा हत्तीही चालतो.

फेऱ्या याहून जास्त होणार असतील, तर सर्वांत आधी जुन्या जीपच्या दोन चाकी ट्रेलरचा विचार मनात येतो, कारण तो जुन्या बाजारात स्वस्त मिळतो आणि त्याची आस (दोन चाकांना जोडणारा दांडा), पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) व सांगाडा दणकट असतो. त्याची किंमत मात्र लोखंडावरून नव्हे, तर आरसीवरून ठरवावी. कायद्याने ट्रेलर हे स्वतंत्र मोटार वाहन आहे आणि त्याला स्वतःची नोंदणी लागते; चासी क्रमांक आरसीशी जुळत नसेल किंवा विकणाऱ्याच्या नावावर ट्रेलर नसेल, तर तो भंगाराच्या भावातही महागच पडतो. शिवाय नोंदणीतील तपशील बदलेल असा फेरफार करण्याआधी, कलम 52 लक्षात घेऊन, आरटीओची मान्यता घ्यावी लागते, आणि होडीसाठी करावे लागणारे बदल नेमके त्याच प्रकारचे असतात.

ते बदल तीन आहेत. पहिला म्हणजे वरचा पत्र्याचा हौदा काढणे. तो ठेवला तर होडी छातीइतक्या उंचीवर चढवावी लागते आणि वळणावर ट्रेलर डोलतो. दुसरा बदल ओढदांडीचा: मूळ दांडी इतकी आखूड असते की होडीची नाळ गाडीच्या मागच्या काचेला टेकेल, म्हणून ती मीटरभर तरी लांबवावी लागते. हे करताना दांडीच्या टोकाला नुसता तुकडा जोडून वेल्डिंग करू नये. जाड पाइप आतून किंवा बाहेरून बराच आत शिरवून बोल्टने आवळावा. लांब दांडीचा आणखी एक फायदा असा की मागे घेताना ट्रेलर चटकन आडवा होत नाही. तिसरा बदल पाट्यांचा आहे. हे पाटे कित्येक पट जास्त वजनासाठी बनवलेले असल्याने हलकी होडी त्यांच्यावर दगडासारखी आदळते, आणि फायबरला तडे जातात ते बहुधा अशाच आदळण्याने. मुख्य पाटा ठेवून खालचे काही काढले, तर चाल मऊ होते.

परदेशी बनावटीचा, बोटीसाठीच बनवलेला जुना ट्रेलर मिळाला, तर ही सगळी खटपट वाचते. होडीच्या तळाला आधार देणाऱ्या गालिचा लावलेल्या फळ्या, कण्याखालचे रबरी रूळ, पुढे नाळेचा खांब, सगळे जागच्या जागी असते. त्याची किंमत जीपच्या ट्रेलरपेक्षा जास्त असते आणि तो शोधायला वेळ लागतो, पण बदलाचा खर्च धरला तर फरक फारसा उरत नाही. अशा ट्रेलरच्या लहान चाकांना बरेचदा 4.00-8 मापाचा टायर असतो, आणि तो आपल्याकडे रिक्षाला बसतो, म्हणून मालवणच्या पंक्चरवाल्याकडेही अडचण येत नाही. लहान चाक जास्त वेगाने फिरते, त्यामुळे बेअरिंग तापते; घाटाआधी थांबून हबला, म्हणजे चाकाच्या मध्यभागाला, हात लावून पाहावा. गाडीच्या मागचा जोडणीचा गोळा, ज्यावर ट्रेलरच्या दांडीचा कप बसतो, तोही मोजून घ्यावा, कारण 50 मिमीच्या कपात दोन इंची गोळा अडकतो आणि दोन इंची कपात 50 मिमीचा गोळा सैल राहतो.

ट्रेलर कोणताही असला, तरी गोळ्यावर पडणारे वजन एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के असावे. होडी, सामान आणि ट्रेलर मिळून 250 किलो होत असतील, तर दांडीच्या टोकाखाली घरातला वजनकाटा ठेवून साडेबारा ते पंचवीस किलो दिसायला हवेत. त्याहून कमी भरल्यास वेग वाढताच ट्रेलर मागे नागमोडी डोलू लागतो. अशा वेळी नाळेचा खांब किंवा आस सरकवून तोल साधावा. गाडीच्या पुस्तिकेत ओढक्षमता दिली आहे का, हेही पाहावे. अनेक लहान गाड्यांच्या पुस्तिकेत ती नसते, आणि ताम्हिणी उतरताना बिनब्रेकचा ट्रेलर गाडीला पुढे ढकलतो.

ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून किलोच्या भावाने नवा ट्रेलर बांधून घेण्याचा मोह मोठा असतो. अल्टोची मागची चाके वापरली तर 145/80 आर 12 टायर प्रत्येकी 375 किलो पेलतो, म्हणजे ताकदीचा प्रश्नच नाही. प्रश्न नोंदणीचा आहे. वर्कशॉपमध्ये एकटादुकटा बनलेला ट्रेलर नोंदला जाईल असे गृहीत धरू नये. पैसे देण्याआधी आरटीओत लेखी विचारावे.

माझ्या मते फॅब्रिकेटरचे पैसे ज्यावर खर्च करावेत ती वस्तू वेगळी आहे: रस्त्यावर न जाणारी, होडी पाण्यात नेणारी हातट्रॉली. तापलेले हब थंड समुद्रात बुडले की आतली हवा आकसून खारे पाणी ओढले जाते, आणि बेअरिंग निकामी होऊ लागते. म्हणून नोंदणी झालेला ट्रेलर कोरड्या जागेवरच थांबवावा आणि त्यावर ठेवलेली ट्रॉली होडीसकट खाली घेऊन वाळूवरून ओढत न्यावी. तिला रुंद, हवेची चाके आणि बेअरिंगऐवजी नायलॉनचे बुश पुरतात. भोके आणि वेल्डिंग पूर्ण झाल्यावरच तिला जस्ताच्या गरम टाकीत बुडवून घ्यावे, आणि बंद पाइपांना आधीच वाफ जाण्याची भोके ठेवावीत. सुमारे 450 अंशांच्या जस्तात बंद पाइप फुटू शकतो, त्यामुळे अशा पाइपांची ट्रॉली कारखानदार घेतही नाही.