शस्त्रक्रियेपूर्वीची भेट : सांगलीतील एका रुग्णालयाच्या सेवेविषयी

आईच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलायचे ठरले, तेव्हा आम्ही तासगावहून सांगलीतील एका खासगी रुग्णालयात गेलो. तेथे शस्त्रक्रियेच्या 10 दिवस आधी भूलतज्ज्ञ आणि एक अनुभवी परिचारिका यांची स्वतंत्र भेट ठेवलेली असते. हा अभिप्राय त्या भेटीपुरताच आहे.

ईसीजी आणि टू-डी इको या हृदयाच्या तपासण्यांचे कागद चाळून झाल्यावर त्या दोघांनी बराच वेळ केवळ प्रश्न विचारण्यात घालवला, आणि त्यासाठी मी या सेवेला पैकीच्या पैकी गुण देईन. 'तंबाखू खाता का?' याला आईने ठामपणे नकार दिला, 'आणि मिश्री?' असे परिचारिकेने विचारताच ती गप्प झाली. (आमच्याकडे मिश्रीला तंबाखूत धरतच नाहीत.) निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला उशीर लागतो, हे ऐकल्यावर डबी त्याच दिवशी बंद झाली. रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेलची गोळी थांबवण्यापूर्वी त्यांनी हृदयरोगतज्ज्ञांची लेखी सूचना आणायला लावली, रक्तदाबाची गोळी मात्र शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगितली. गुडघ्यासाठी चाललेल्या काढ्यांची नोंद घेतली गेली, आणि किडलेली दाढ आधी दाखवून घ्या, कारण तिथला जंतुसंसर्ग रक्तावाटे नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतो, असे बजावण्यात आले. पायावर घरी रेझर फिरवू नये, जोडवी-मंगळसूत्र घरीच ठेवावे, हेही सांगितले. मला सर्वांत उपयोगी वाटली ती घराविषयीची चौकशी : आमचे शौचालय भारतीय पद्धतीचे असल्याने कमोडची खुर्ची आणि वॉकर आधीच आणून ठेवा, वॉकर धरून चालण्याचा सराव आताच करा, हा सल्ला आम्हाला एरवी कोणी दिला नसता.

तक्रार आहे ती छापील पत्रकाची. भूलतज्ज्ञांनी जेवण 8 तास, दुधाचा चहा 6 तास आणि साधे पाणी 2 तास आधीपर्यंत चालेल, असे स्पष्ट सांगितले होते. पत्रकात मात्र 'रात्री 12 नंतर पाणीही घेऊ नये' असे सरसकट छापलेले होते. वॉर्डातील कर्मचाऱ्यांनी पत्रकच प्रमाण मानले. शस्त्रक्रिया दुपारी 2 वाजता सुरू झाली, म्हणजे गोळीबरोबरचा तो एक घोट सोडल्यास आई 14 तास तहानलेली राहिली. एकादशीलाही ती इतकी कोरडी राहत नाही. कोणीही उद्धटपणे बोलले नाही, पण भूलतज्ज्ञांना फोन करून विचारण्याची तसदीही कोणी घेतली नाही.

या भेटीचे वेगळे शुल्क आमच्या बिलात नव्हते. आपल्या रुग्णासाठी अशी भेट ठरली असेल, तर पाणी नेमके किती वाजेपर्यंत चालेल ते भूलतज्ज्ञांकडून त्याच पत्रकावर हाताने लिहून, खाली त्यांची सही घेऊन यावे.