माती-थर्मामीटर, ऑटोफ्लॉवर आणि लांबलेली थंडी: हंगामभर वापरल्यानंतर

माती-थर्मामीटरच्या डायलची काच आतून कायमची पांढरी झाली आणि काटा ११ वर अडकून बसला, म्हणून आज लिहितोय. स्टीलची दांडी, वर गोल तबकडी, सेल लागत नाही. बाकी माहिती पाकिटावर असतेच. विक्रेत्याकडे वॉरंटी मागितली तर उत्तर आलं, "आत ओल गेली आहे, वॉरंटी लागू नाही." ओल्या मातीत खुपसण्यासाठीच बनवलेल्या वस्तूला हे कारण देणं मला अजिबात पटलेलं नाही. तसं स्पष्ट कळवलं. पुढे कुणी उत्तर दिलं नाही.

घेतला होता तो ऑटोफ्लॉवर (ठराविक वय झालं की आपोआप फुलणाऱ्या) गांजाची रोपं बाहेर कधी लावायची, एवढं ठरवण्यासाठी. (घरी रोपं लावायची कायद्याने मुभा असेल तिथेच हे सगळं लागू. नसेल तर हा अनुभव टोमॅटो-घेवड्यासाठी वाचा, मातीच्या बाबतीत फारसा फरक पडत नाही.)

नेहमीच्या, म्हणजे फोटोपिरियड जातींना फुलोऱ्याचा इशारा मिळतो तो लांबत जाणाऱ्या रात्रींकडून. ५० अंश उत्तर अक्षांशावर २१ जूनच्या सुमारास दिवस १६ तासांहून मोठा असतो. ऑगस्ट सरता सरता तो १४ तासांच्या खाली येतो आणि तेव्हा कुठे ही झाडं फुलायचं मनावर घेतात. काढणी ऑक्टोबरपर्यंत जाते. थंड आणि दमट प्रदेशात ऑक्टोबर म्हणजे गच्च कळ्यांमध्ये राखाडी बुरशी. ऑटो जातींमध्ये रुडेरॅलिस या रानटी गांजाच्या जातीचा अंश असतो. यानिशेव्स्की या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२४ साली तिचं वर्णन केलं. तिला दिवसाच्या लांबीशी देणंघेणं नाही. रोप साधारण तीन ते पाच आठवड्यांचं झालं की फुलणार, मग ते कमरेइतकं असो की वीतभर. रस्त्यावरचा दिवा रात्रभर अंगावर पडला तरी तिचं बिघडत नाही, हा मोठाच फायदा.

पण याच गुणाची दुसरी बाजू फार महाग पडते. सुरुवातीला गारठ्याने दोन आठवडे वाढ खुंटली, तर फोटोपिरियड झाड जून-जुलैत ती कसर भरून काढतं. ऑटोकडे तेवढा वेळच नसतो. बी रुजलं की दिवस मोजणं सुरू, आणि थंडीत फुकट गेलेले दिवसही त्यात धरले जातात. म्हणून "लवकर लावा, लवकर काढा" हा सल्ला ऑटोच्या बाबतीत मला सरळ चुकीचा वाटतो. उशीर परवडतो, गार माती परवडत नाही.

मग हवामानाचा अंदाज बघून का नाही ठरवायचं? अंदाजातलं तापमान जमिनीपासून साधारण दीड-दोन मीटर उंचीवरच्या हवेचं असतं. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमिनीलगत त्याहून काही अंश कमी असतं. अंदाजात ३ किंवा ४ लिहिलेलं असताना गवतावरचं दव गोठलेलं असतं ते यामुळेच. माती आणखी वेगळी वागते: दुपारच्या उन्हात वरचा थर तापतो, तेवढ्यावर फसायला होतं. शेतकरी वाफसा बघून पेरतो. थंड प्रदेशात त्या वाफशात ओलाव्याइतकंच तापमानही धरायला हवं. आणि ते बघायचं भल्या सकाळी, ८ ते १० सेंटीमीटर खोलीवर, कारण रात्रभर निवलेल्या मातीचा नीचांक सूर्योदयानंतर थोड्या वेळाने येतो.

आता या वस्तूचा मुख्य दोष. भल्या सकाळीच, म्हणजे जेव्हा वाचन हवं नेमकं तेव्हाच, काच धुरकट व्हायची. दुपारी लख्ख. दुपारचं वाचन मला नको होतं! पहिल्या महिन्यात बाहेरून पुसून काम भागलं, नंतर वाफ आतून धरायला लागली. कोपऱ्यातून वाकून, टॉर्च मारून काट्याचं टोक शोधायचं, हे रोजचंच झालं. तबकडी आणि काच यांच्यामध्ये रबराची एक धड कडी बसवली असती तर ही वेळ आली नसती. असा खर्च वाचवणाऱ्या कंपन्यांचा मला मनापासून राग आहे, कारण वस्तू स्वस्त असली तरी हंगाम एकदाच मिळतो.

आणखी एक. नवा असताना तो २ अंश जास्त दाखवत होता. तपासणं सोपं आहे: कुटलेल्या बर्फात थोडं पाणी घालून ढवळा, दांडी बुडवा, काटा ० वर यायला हवा. तबकडीच्या मागच्या नटाला पान्याने किंचित पीळ दिला की जुळतो. माहितीपत्रकात याचा उल्लेखसुद्धा नाही.

इथपर्यंत एकच तारा द्यायचा विचार पक्का होता. मग नोंदवही काढली आणि मत बदललं.

एकाच पाकिटातल्या बिया मी मुद्दाम दोन खेपांत लावल्या. पहिली खेप दव गोठणं थांबल्याबरोबर बाहेर, दुसरी सलग काही सकाळी मातीने १२ अंश दाखवल्यावर. पहिल्या खेपेची पानं गडद आणि बारीक राहिली, देठ जांभळे पडले. गार मातीत मुळांना स्फुरद नीट उचलता येत नाही, त्याची ही ओळखीची खूण. ती रोपं वीतभर असतानाच फुलोऱ्यात गेली. दुसरी खेप मागून येऊन दुप्पट उंच झाली आणि काढणी मात्र जवळजवळ बरोबरीने आली. एका बागेतला एका हंगामाचा अनुभव आहे, नियम म्हणून सांगत नाही. पण पुढच्या वर्षी मातीने १२ अंश गाठल्याशिवाय एकही रोप बाहेर जाणार नाही.

दुसरी गोष्ट कळली ती कुंड्यांची. काळ्या कुंडीतली माती दुपारी २४ पर्यंत चढायची आणि सकाळी ८ वर उतरलेली असायची, तर शेजारच्या वाफ्यातली सकाळीसुद्धा ११-१२ धरून. कुंडी लवकर तापते म्हणून आधी लावावी, असा माझा समज होता. आता कुंड्या रात्री भिंतीलगत सरकवतो आणि खाली लाकडी फळी ठेवतो.

ज्यांना घाई आहे त्यांनी बी घरात, कुजणाऱ्या कागदी कुंडीत रुजवावं आणि रोप दहा-बारा दिवसांचं झालं की हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावून कुंडीसकट जमिनीत ठेवावं. सोटमुळाला धक्का लागता कामा नये. छोट्या कुंडीत महिनाभर अडवून ठेवणं मात्र व्यर्थ. मुळं गुरफटतात आणि दिवस मोजले जातातच. उलट्या टोकाची मर्यादाही लक्षात ठेवा. बी ते काढणी उबेत ८ ते १२ आठवडे धरतात, गारठ्यात त्याहून जास्त. त्यामुळे उत्तर गोलार्धात जुलै लागल्यावर पेरलेलं सप्टेंबरच्या दवात सापडतं. फुलोरा जून-जुलैच्या भरपूर उजेडात यावा असं बघितलं की मेचा मध्य ते जूनची सुरुवात हा पट्टा उरतो, आणि त्यातला नेमका दिवस मातीला विचारायचा. दक्षिण गोलार्धात सहा महिने पुढे धरा.

तर कामाला पाच तारे, काचेला शून्य, मिळून तीन. याच कंपनीचा दुसरा घेणार नाही. तबकडी पूर्ण बंदिस्त असलेला शोधतोय. तोपर्यंत साधा काचेच्या नळीचा थर्मामीटर वापरीन, लाकडी खुंटीने आधी भोक पाडून. कुणाच्या डायलमध्ये दोन हंगामांनंतरही वाफ धरलेली नसेल, तर मॉडेल जरूर सांगा.