ढोकरीसाठी भाड्याने आणलेली लेन्स
सोलापुरातील एका दुकानातून दोन दिवसांसाठी भाड्याने घेतलेली 150–600 मिलिमीटरची झूम लेन्स मी हिप्परगा तलावाच्या काठावर वापरली आणि तिची खरी परीक्षा ढोकरीनेच घेतली. जेमतेम 45 सेंटिमीटर लांबीचा हा बगळा चिखलात मान आखडून इतका निश्चल उभा राहतो, की अंगावरच्या तपकिरी रेघांमुळे तो वाळलेल्या गवतात हरवून जातो. मात्र उडताच त्याचे पांढरेशुभ्र पंख उघडतात आणि छायाचित्रकाराची तारांबळ होते. बसलेल्या पक्ष्याची पिसे 500 मिलिमीटरपर्यंत सुरेख टिपली गेली, त्यापुढे तपशील किंचित पुसट होतो. 600 मिलिमीटरला लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र एफ 6.3 पेक्षा मोठे होत नसल्याने पहाटेच्या अंधुक उजेडात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, 3200 पर्यंत न्यावा लागला, तरीही उड्डाणाची बहुतेक छायाचित्रे हलली. सुमारे दोन किलोंचे हे वजन हातात फार वेळ पेलत नाही. बांधावर टेकू म्हणून ठेवलेली ज्वारीची छोटी पिशवी मला तिपाईपेक्षा सोयीची वाटली. दुकानदाराने लेन्सचे मागचे झाकण दिलेच नव्हते, ही हलगर्जी मात्र खटकली. पुढच्या वेळी लेन्स हीच घेईन, परंतु ताब्यात घेताना सगळे साहित्य मोजून.