मॉडेल रेल्वेच्या रुळांसाठी सोल्डर आणि फ्लक्सची निवड

मॉडेल रेल्वेचे रूळ डाखताना खरी काळजी रुळाची नसते, त्याखालच्या प्लॅस्टिकच्या स्लीपरची असते. एचओ (१:८७ प्रमाणाच्या) मापाचे बहुतेक रूळ तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे असल्यामुळे सोल्डर त्यांना चांगले धरते. परंतु उष्णता दोन-चार सेकंदांहून अधिक राहिली की स्लीपर मऊ पडतात आणि दोन रुळांमधले १६.५ मिलिमीटरचे अंतर बिघडते. सांगलीत इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानांतून आणलेल्या सोल्डरच्या तारा मी याच कसोटीवर तपासल्या.

माझी पसंती निःसंशय ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेल्या, पोटात रोझिन (राळ) भरलेल्या ०.८ मिलिमीटरच्या तारेला आहे. ती १८३ अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच तापमानाला एकदम घट्ट होते. ६०/४० ची तार १८३ ते १९० अंशांच्या दरम्यान लगद्यासारखी राहते आणि तेवढ्यात रूळ जरासा हलला तरी जोड निस्तेज, कच्चा होतो. कथील-तांब्याची शिसेविरहित तार आरोग्याच्या दृष्टीने चांगली असली, तरी तिला २२७ अंश लागतात आणि तेवढी उष्णता स्लीपरला सोसवत नाही. शिशाची तार वापरणाऱ्याने खिडकी उघडी ठेवावी आणि काम संपताच हात साबणाने धुवावेत.

फ्लक्सच्या, म्हणजे धातू साफ करून सोल्डरला पकड देणाऱ्या पदार्थाच्या, बाबतीत मात्र तडजोड नको. पत्र्याच्या कामासाठी विकला जाणारा झिंक क्लोराइडचा आम्लयुक्त फ्लक्स क्षणात पकड घेतो, पण त्याचा अवशेष हवेतला ओलावा शोषून धातू खात राहतो. एका दुकानातून मला लेबल नसलेली डबी साधी सोल्डर पेस्ट म्हणून मिळाली होती. पावसाळा सरेपर्यंत रुळांना वीज पोहोचवणाऱ्या फीडर वायरच्या उघड्या तांब्यावर हिरवट थर चढला. त्यामुळे लेबलवर रोझिन असे स्पष्ट लिहिलेले असेल तरच डबी घ्यावी. दोन रुळांची टोके जोडणाऱ्या फिशप्लेटच्या सांध्यावर बाहेरच्या बाजूने टाचणीच्या डोक्याएवढाच फ्लक्स लावावा आणि जोड निवल्यावर उरलेली राळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावी.

प्लॅस्टिक वाचवण्यासाठी कमी वॅटचे सोल्डरिंग आयर्न घ्यावे, हा समज उलटा आहे. २५ वॅटचे बारीक टोक रूळ तापवायला इतका वेळ घेते की तोवर उष्णता स्लीपरपर्यंत पोहोचते. ६० वॅटचे रुंद, चपटे बिट रुळाच्या बाहेरच्या अंगाला टेकवले, सांध्याच्या दोन्ही बाजूंना ओला कापूस ठेवला, की सोल्डर चकाकत फिशप्लेटखाली ओढले जाते आणि बिट लगेच उचलता येते.

वळणावरचे जोड अवश्य डाखावेत. सरळ मार्गावर मात्र एकाआड एक जोड मोकळा ठेवून प्रत्येक रुळाला स्वतंत्र फीडर वायर द्यावी. सांगलीच्या उन्हाळ्यात तापमान २५ अंशांनी वाढले तर एक मीटर रूळ सुमारे ०.४ मिलिमीटरने लांबतो आणि त्याला जागा मिळाली नाही तर तो वाकतो.