पिकअप एका बाजूला कलते म्हणून शॉकअप बदलायला सांगत असतील तर आधी हे वाचा

माझी पिकअप ड्रायव्हरच्या बाजूला बसायला लागली होती. रिकामी असताना थोडं जाणवायचं पण माल भरला की लांबून दिसायचं, मागून येणारे हात करून सांगायचे की माल एकीकडे झालाय. माल मधोमध लावून बघितला, टायरची हवा सारखी करून बघितली, तरी तेच. म्हणून एका गॅरेजला नेली. तिथला मिस्त्री गाडीखाली गेलाच नाही. मागचा कोपरा दोनदा दाबून हलवला आणि म्हणाला, "शॉकअप गेलेत साहेब, दोन्ही टाकावे लागतील, पाटेपण बसलेत, नवा सेट टाकून देतो, उद्या घेऊन जा."

आता यातलं शॉकअपचं कारण सरळ थाप होती. गाडीचं वजन शॉकअप धरतच नाही, वजन मागे धरतात पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, आणि पुढे माझ्या गाडीला टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारी सळई आहे ती धरते, काही गाड्यांना तिथे कॉइल स्प्रिंग असते. शॉकअपचं काम एवढंच की खड्ड्यातून गेल्यावर गाडी उसळत बसू नये. तो पार गळून गेला तरी गाडी डुलेल, पण उभ्या जागी एका बाजूला झुकायची नाही. गॅसवाले शॉकअप किंचित उचलून धरतात हे खरं, पण त्याने एवढा कल येत नाही आणि जातही नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी बघितली तर एकदम सरळ. बिलात शॉकअप, पाट्यांचा नवा सेट, पाटे अॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट, मजुरी सगळं लावलेलं. जुने पाटे दाखवा म्हटलं तर "भंगारवाला सकाळीच घेऊन गेला". खाली वाकून बघितलं तर काळे कुळकुळीत रंगवलेले पाटे, नवेच वाटावेत असे. पण चालवताना पुढचा ड्रायव्हरकडचा कोपरा दगडासारखा कडक लागत होता, ब्रेक मारला की गाडी एकीकडे ओढायची, आणि माल भरल्यावर मागून परत तीच बाजू खाली. काही दिवसांनी पुढचा एक टायर फक्त एका कडेने घासलेला दिसला तेव्हा मात्र दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो.

या माणसाने आधी पान्याला हातच लावला नाही, टेप काढली. गाडी रिकामी, सपाट फरशीवर, आणि चारही चाकांना हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत माप घेतलं. जमिनीपासून मोजलं तर टायरचा फरक मधे येतो म्हणून हबपासून. मग गाडी वळवून त्याच जागी उलट्या तोंडाने उभी केली आणि परत मोजलं, म्हणजे फरशीच तिरकी असेल तर कल दुसऱ्या बाजूला जातो आणि लगेच कळतं. मग पुढच्या चाकांना दगड लावून मागे चासीच्या आडव्या पट्टीला बरोबर मधोमध जॅक लावला आणि मागच्या पाट्यांवरचा भार निघेपर्यंत उचललं. दोष फक्त मागे असता तर आता पुढचा भाग सरळ व्हायला हवा होता. माझी गाडी उलट दुसऱ्या बाजूला कलली! म्हणजे पुढेपण कोणीतरी हात घातला होता. जॅकवर असताना तो स्वतः खाली गेला नाही, तुम्हीही जाऊ नका, आधी स्टँड लावा.

मग खाली गेल्यावर सगळं बाहेर आलं. पुढे ड्रायव्हरकडच्या टॉर्शन बारचा अॅडजस्टिंग बोल्ट भरपूर आवळलेला, दुसऱ्या बाजूचा होता तसाच मातीने माखलेला. तो बोल्ट आवळून एक कोपरा जबरदस्तीने वर उचलला की रिकामी गाडी सरळ दिसते, पण वजन तिरपं पडतं, तो पुढचा कोपरा आणि त्याच्या तिरक्या समोरचा मागचा कोपरा एवढ्यांवरच जास्त भार. चाकाचा कोन बिघडतो तो वेगळाच, टायर त्यामुळेच घासत होता.

मागे तर कहर होता. त्याने पाट्यांवर खरवडणी फिरवली तर काळ्या रंगाखाली गंजाचे पापुद्रे. पाट्याच्या टोकाला खालच्या पाट्याने घासून पडलेला खोलगट चर, असा चर नव्या पाट्याला असूच शकत नाही. सगळे पाटे मधोमध एकत्र बांधणारा सेंटर बोल्ट जिथून जातो त्या भोकातून मेन पाट्याला आडवी चीर गेलेली, रंगाने भरून टाकलेली. आणि ती बाजू वर यावी म्हणून अॅक्सल आणि पाट्याच्या मधे लोखंडी पट्टी सरकवलेली, तीही बिना खुंटीची. सेंटर बोल्टचं डोकं अॅक्सलच्या खाचेत बसतं म्हणून अॅक्सल पुढेमागे सरकत नाही, इथे ते बसतच नव्हतं, सगळं यू-बोल्टच्या आवळणीवर. यू-बोल्टही जुनेच, पट्टी घातल्यामुळे आखूड पडलेले, नटाबाहेर एक आटापण दिसत नव्हता. पैसे गेले ते गेले, पण भरल्या गाडीत उतारावर अॅक्सल सरकला असता तर काय झालं असतं याचा राग जास्त आला.

पहिल्या गॅरेजला फोटो दाखवले तर आधी "तुम्ही ओव्हरलोड केली असणार" सुरू केलं. ओव्हरलोड केल्याने रंगाखाली जुना गंज कसा येतो विचारल्यावर आवाज खाली आला, आणि बरीच घासाघीस करून पाट्यांचे पैसे परत मिळाले. शॉकअपचे नाही मिळाले, ते बसवले होते ना खरंच.

दुसरीकडे दोन्ही बाजूचे पाटे जोडीनेच बदलले, एकाच बाजूचा नवा टाकला तर पुन्हा कल येतो, फक्त उलट्या बाजूला. जुन्या पाट्यांना नुसती कमान मारून देणारेही भेटतील, पण तापवून नीट पाणी दिलेलं नसेल तर थोड्याच दिवसांत परत बसतात. यू-बोल्ट नवे घेतले, कारण एकदा ताणले गेलेले परत तशी पकड धरत नाहीत, आणि थोडी गाडी चालल्यावर ते पुन्हा आवळून घेतले. पाट्यांच्या टोकातल्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळायला लावले, लटकत्या अॅक्सलवर आवळले तर रबर पिळून राहतं आणि लवकर फाटतं. टॉर्शन बार मूळ जागी आणून चाकांची अलाइनमेंट केली. आता दोन बाजूंत अगदी थोडासा फरक आहे, टाकी एका बाजूला आणि चालवणारा एका बाजूला म्हटल्यावर तेवढा राहायचाच, तो घालवतो म्हणून कोणी अजून एखादी पट्टी सरकवायला निघालं तर गाडी तिथून सरळ बाहेर काढा.