बाबांची बाराबोअर आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं दुकान: साडेतीन तारे

आईबाबांना ग्वाल्हेरहून इंदूरला आणायचं ठरलं तेव्हा फ्रिज, कपाटं, देव्हारा, सगळं एका दुपारी मार्गी लागलं. अडलं ते बंदुकीपाशी. बाबांची दुनळी बाराबोअर, परवाना 1987 चा. तिचं काय करायचं यावरून दोन महिने घरात अबोला. शेवटी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या बंदुकांच्या ज्या दुकानात ती भाडं देऊन सांभाळायला जमा केली, त्याबद्दल हे लिहिते. दुकानाचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

ग्वाल्हेरबाहेरच्यांना हे प्रकरण पटकन कळणार नाही. आमच्याकडे खांद्याला बंदूक अडकवून मोटरसायकलवर निघालेल्या माणसाकडे कुणी वळूनही बघत नाही. परवान्याची हौस इतकी, की 2019 मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी अर्जदारांना अट घातली होती: आधी दहा झाडं लावा, सेल्फी दाखवा. निवडणूक लागली की बंदुका जमा करायला ठाण्यात गर्दी. मी अठरा वर्षं इंदुरात आहे, इथे गर्दी दिसते ती सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर.

कायदा म्हणाल तर दोन्हीकडे तोच, 1959 चा शस्त्र कायदा. पण ग्वाल्हेरच्या वरातीत बंदुकीचे बार उडाले की माझी मुलगी कानात बोटं घालून आजीच्या पदराआड उभी राहते, ते मला नको होतं. आईच्या गुडघ्यांना लिफ्ट हवी होती. बाबांचं म्हणणं एकच, "तुझ्या इंदूरची सफाई मला नको सांगूस. तिथे मला ओळखतं कोण?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. बंदूक इंदूरला न्यायलाही बंदी नाही. परवान्यावरचा पत्ता बदलायचा, दोन्हीकडच्या कचेऱ्यांना कळवायचं. पण दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यात सातवीतली मुलगी. तिथे मी हलले नाही.

तर दुकान. बाहेरून घड्याळजीचं वाटावं इतकं अरुंद. आत भिंतीला लोखंडी जाळी, जाळीमागे साखळीत ओवलेल्या बंदुका, प्रत्येकीच्या घोड्याला सुतळीने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. बंदुकीच्या तेलाचा वास. मालकांनी दुनळी सांध्यात उघडून नळ्या ट्यूबलाइटकडे धरल्या, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "साब, उजवी में जंग है। चार साल से रॉड नहीं डाली ना?" बाबा शाळेत पट्टी खाल्लेल्या मुलासारखे गप्प. मला त्या माणसाचं हेच आवडलं. गिऱ्हाईक जुनं, वय अठ्ठ्याहत्तर, तरी गंज तो गंज.

मग काडतुसं. खडकीच्या कारखान्यातली, खोका ओलसर झालेला. परवान्यावर शेवटची खरेदी पंचवीसची, निघाली तेवीस. "दो कहाँ गए?" बाबा पंख्याकडे बघायला लागले. कुठे गेली ते मला ठाऊक होतं. 2007 मध्ये माझ्या लग्नात, वरात दारात आली तेव्हा, दोन बार. शामियान्याच्या कडेला पडलेली भोकं मांडववाल्याने बिलात लावली होती. आता 2019 च्या दुरुस्तीनंतर असा आनंदाचा बार म्हणजे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मालकांनी पुन्हा विचारलं नाही, वहीत तेवीस लिहिलं. याचा तारा द्यायचा की कापायचा, माझं ठरत नाहीये.

जाता जाता त्यांनी सुचवलं, परवानाधारक सत्तरीचा झाला की वारसाच्या नावावर परवाना मागता येतो, "बेटे के नाम करवा लीजिए।" मुलगा नाही, मी आहे, असं मी म्हटलं. "तो बेटी के नाम भी हो जाता है," लगेच उत्तर. बाबांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरायचा प्रयत्न करतेय. मी नाही म्हटलं.

आता कापलेला दीड तारा. पावतीवर बंदुकीच्या क्रमांकातला एक आकडा चुकला होता. घरी आल्यावर आईने चष्मा लावून ताडून पाहिला म्हणून कळलं. इंदूरला पोचल्यावर कळलं असतं तर? दुसऱ्या दिवशी पुन्हा फेरी, वर "रजिस्टर में तो सही है" हे ऐकून घ्या. दिलगिरीचा शब्द नाही. आणि म्हाताऱ्या माणसाला बसायला एक स्टूल, त्यावरही काडतुसांचे रिकामे खोके. जमा करायला जाणार असाल तर पावती, परवाना आणि नळीवर कोरलेला आकडा तिथेच, काउंटरवर, तिन्ही जुळवा. भाडं सहा महिन्यांचं आगाऊ घेतात, ते वाजवी वाटलं.

आईला लिफ्ट मानवली. बाबा सकाळी बागेत जातात, दोन ग्वाल्हेरकर सापडलेत. दर महिन्याच्या एक तारखेला दुकानात फोन लावतात, स्पीकरवर, आणि विचारतात, "उजवी नळी में तेल डाला?"

पलीकडून दर वेळी "जी साब" येतं.